सर्वांत मागे चालणाऱ्या भाच्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या चढाईहून नागपूरला परतल्यावर तुला फोन करून आभार मानायचा प्रयत्न केला, तेव्हा ‘मावशी, त्यात काय एवढं’ म्हणून तू विषय बदललास आणि माझ्या बोटांच्या मुंग्या गेल्या का, एवढेच विचारून फोन ठेवलास. म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. यात तुझे नाव घालत नाही, कारण ते तुला रुचणार नाही. मात्र तू जे केलेस ते आपल्या दोघांतच राहावे, हे मला मान्य नाही.

आपले नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे आपल्याला नवीन नाही. बाहेर निघालेल्या मुलाच्या खिशात कांदा ठेवणारी, घरी आल्यावर त्याला कैरीचे पन्हे पाजणारी आणि नुसत्या चेहऱ्यावरून ऊन लागल्याचे ओळखणारी आपण माणसे आहोत. थंडीच्या बाबतीत मात्र आपल्याला अशी नजर नाही. स्वेटर, शाल, शेकोटी आणि आल्याचा चहा यांपलीकडे आपल्याला थंडी फारशी ठाऊक नसते. अशा आम्हा शाळेपासूनच्या मैत्रिणींना आणि आमच्या यजमानांना घेऊन तू उत्तराखंडच्या बर्फात आलास, ते केवळ तुझ्या सख्ख्या मावशीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, शब्द टाकला म्हणून. पायथ्याच्या सांकरी गावचे वाटाडे पुढे होते. तू पहिल्या दिवसापासून सर्वांत मागे चालत होतास. तू गिर्यारोहणाचे शिक्षण घेतलेले असूनही पुढे का जात नाहीस, असे आमच्यातल्या काहींना वाटले होते.

शिखराच्या दिवशी पहाटेपूर्वी निघालो. केदारकंठ्याचा माथा साधारण १२,५०० फुटांवर आहे, आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, हे तू आदल्या संध्याकाळी सांगितले होतेस. झाडी संपून उघडा चढ लागला, वारा अंगावर आला, आणि घामाने ओले झालेले आतले हातमोजे गार पडू लागले. कानटोपीचा बंद बांधायला मी थांबले, तर बोटे माझी नसल्यासारखी झाली होती. मी कोणाला काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही घडते आहे, हेच मला कळत नव्हते.

तू जवळ आलास, मुकाट्याने तो बंद बांधलास, तुझ्या पिशवीतले कोरडे मोजे माझ्या हातांत चढवलेस, आणि मग अगदी सहज म्हणालास, “मावशी, बर्डीवरून मेट्रोने लोकमान्यनगरकडे निघालं की स्टेशनं कुठली लागतात हो? मी नेहमी विसरतो.” आपल्या नागपूरच्या मेट्रोविषयीच्या त्या प्रश्नाचे मला नवल वाटले नाही. उलट बरे वाटले. झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज, सुभाषनगर असे सारे मी चालता चालता सांगितले. थोड्या वेळाने तू पुन्हा तेच विचारलेस, आणि या वेळी मी शंकरनगरपाशी अडखळले, एलएडी चौक दोनदा म्हटला, आणि जीभ जड झाल्यासारखे वाटले. तू माझी चूक दुरुस्त केली नाहीस. “चला मावशी, आपण खाली जाऊ,” एवढेच म्हणालास आणि पुढच्यांना हाक मारून सांगितलेस, “आम्ही दोघं परत फिरतोय, तुम्ही या वर जाऊन.” त्या हाकेत कोणाला काही झाल्याची वर्दी नव्हती. कोणी वळून माझ्याकडे दयेने पाहिले नाही. ज्या मैत्रिणींबरोबर मी लहानपणापासून आहे, त्यांच्यासमोर माझा मान तू असा जपलास.

सांकरीला उतरल्यावर आमच्यातल्या डॉक्टर मैत्रिणीने त्या प्रश्नांचा अर्थ उलगडून सांगितला. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हातांना बारीक कामे जमत नाहीत, बोलणे अडखळते, पाय लटपटतात आणि विचारांचा क्रम सुटतो. ज्याला हे होते त्याला स्वतःला ते बहुधा उमगत नाही. पुढे हुडहुडी थांबते आणि माणसाला वाटते की आता थंडी गेली, तेव्हा तर धोका फारच वाढलेला असतो. तू रोजच्या पायाखालच्या नागपूरविषयी विचारलेस, कारण तू स्वतः तेथलाच असल्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे तुला तत्काळ कळणार होते. ‘मावशी, तुमचं बोलणं नीट येतंय का ते बघू’ असे तू म्हणाला असतास, तर मी घाबरले असते, किंवा मला काही झालेले नाही असा हट्ट धरला असता. तू मला रुग्ण केले नाहीस. वाट सांगणारी जाणती बाई केलेस, आणि त्याच वेळी माझ्यावर नजर ठेवलीस. हे मला जितके आठवते, तितके डोळे भरून येतात.

हे एवढे मनाला का लागले, त्याचे कारणही लिहिते. काही वर्षांपूर्वी हिमाचलमध्ये अशाच एका हिवाळी चढाईला आम्ही मोठी फी भरून गेलो होतो. तेथल्या म्होरक्याने पहिल्याच चढावर, सर्वांदेखत, ‘काकू, तुमच्यामुळे अख्खा ग्रुप खोळंबलाय’ असे सुनावले आणि उतरताना मला धुक्यात मागे टाकून तो पुढच्या तरुण मुलांबरोबर निघून गेला. तळावर पोहोचल्यावर मी जाब विचारला, तेव्हा ‘जोखीम माझी’ असे लिहिलेला, मी सही केलेला कागद त्याने पुढे केला. त्या माणसाला दोरांच्या गाठी, हवामान, उंचीचे आजार सारे काही येत होते, तरीही आपल्या मागे कोण राहिले आहे हे पाहण्याची गरज त्याला वाटली नाही. त्यानंतर मी बर्फाचे नावच टाकले होते. तुझ्या मावशीने किती आर्जवे केली तेव्हा कुठे या वेळी निघाले, हे तुला माहीत नसेल.

सज्जनपणा म्हणजे गोड बोलणे, असे पुष्कळांना वाटते. मला तो तुझ्या मागे चालण्यात दिसला. मागच्या माणसाला पुढच्यांच्या गप्पा ऐकू येत नाहीत, फोटोत तो क्वचितच असतो, त्याला सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने चालावे लागते आणि थांबल्यामुळे सर्वांत जास्त गारठावेही लागते. त्या दिवशी आमचे बाकीचे सगळे माथ्यावर पोहोचले, त्यांनी स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरे उजळताना पाहिली, आणि त्यांच्या आनंदाने मलाही आनंद झाला. तू मात्र माथ्याच्या इतक्या जवळून माझ्यासाठी परत फिरलास, आणि उतरताना एकदाही वर मान वळवून पाहिले नाहीस. कदाचित मला वाईट वाटू नये म्हणून असेल. त्याबद्दल मी तुला तेव्हा काही बोलले नाही, कारण माझा कंठ दाटून आला होता.

उतरताना झाडीत शिरल्यावर तू तिसऱ्यांदा स्टेशने विचारलीस. मी सारी क्रमाने सांगितली, तेव्हा तू खिशातून गुळाची चिक्की काढून अर्धी मला दिलीस आणि तुझ्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच उतरलेला मी पाहिला.

येत्या रविवारी आईबाबांना घेऊन दुपारी जेवायला ये. वडाभात आणि पाटवडीचा रस्सा करणार आहे. तुझ्या आईशी मी बोलले असून तिने होकार दिला आहे, त्यामुळे कामाची सबब चालणार नाही. तुझे कोरडे मोजे धुऊन ठेवले आहेत, तेही घेऊन जा.

तुझी,
मावशी
नागपूर