फोन ठेवल्यानंतरची पंधरा मिनिटे

महोदय,

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनचे क्रमांक ठळकपणे लावावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. क्लासेस आणि वसतिगृहांनी भरलेल्या पुण्यासाठी हा आदेश मोलाचा आहे. मात्र फोन घेणाऱ्याला सांभाळायचे कोणी, याची चर्चा होत नाही. हेल्पलाइन चालते ती शिफ्टच्या प्रमुखावर.

नवा स्वयंसेवक सहसा एकाच जागी चुकतो. पलीकडचा गप्प झाला की याला ती शांतता सहन होत नाही आणि तो सल्ला देऊ लागतो. "सगळं ठीक होईल" हे शब्द निघाले की पलीकडचा माणूस आवरते घेतो. शेजारी दुसरा हेडफोन लावून बसलेल्या प्रमुखाने अशा वेळी कागदावर फक्त 'थांब' लिहून पुढे सरकवावे. दुसरी चूक भीतीपोटी होते. "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असे वाटते. तसे होत नाही. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. मग पुढचे प्रश्न: काही ठरवले आहे का, कधी, आत्ता जवळ कोण आहे? धोका तातडीचा असेल तर एकाने बोलत राहायचे आणि प्रमुखाने दुसऱ्या फोनवरून ११२ किंवा १०८ ला कळवायचे. दोन्ही कामे एकट्यावर टाकली की दोन्ही बिघडतात.

असा कॉल संपला की लगेच पुढचा देऊ नये. पंधरा मिनिटे बाजूला बसवून काय ऐकले, काय राहून गेले, आता कसे वाटते आहे, एवढे विचारावे. बहुतेक ठिकाणी याच वेळेला कात्री लागते, कारण अहवालात कॉलची संख्या जाते. मग रात्री एक वाजता स्वयंसेवक तो आवाज डोक्यात घेऊन एकटा घरी जातो आणि काही महिन्यांत येणे बंद करतो. म्हणून शिफ्ट चार तासांपेक्षा मोठी नको आणि रात्रपाळीला पगारी प्रमुख हवाच.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला रुग्णालयात आणणारे नातेवाईक पोलिसांच्या धास्तीने "अपघात झाला" असे सांगतात आणि समुपदेशकापर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. मेडिको-लीगल नोंद, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी नोंद, होते, हे खरे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा ठरवणारे दंड संहितेचे जुने कलम ३०९ राहिलेले नाही. हे घरच्यांना समजेल अशा मराठीत सांगता येणे हेही प्रमुखाचेच काम.

आणि फोन करणाऱ्याला पुढे कोणाकडे पाठवायचे, ती संदर्भयादी! बदललेले क्रमांक, बंद झालेली ओपीडी, सुटीवरचे डॉक्टर. महिन्यातून एकदा यादीतला प्रत्येक क्रमांक स्वतः लावून पाहावा. रात्री दुसरे कोणी उचलत नसेल तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

देणगीदारांनी आणि महापालिकेने अनुदान देताना कॉल किती घेतले एवढेच विचारू नये. धोक्याच्या किती कॉलना २४ तासांत परत फोन गेला आणि वर्षभरापूर्वीचे किती स्वयंसेवक आज टिकून आहेत, हे दोन आकडेही मागावेत.

— हेल्पलाइन स्वयंसेवकांचे प्रशिक्षक, पुणे