विषय: ‘अल्कोहोल-विरहित’ फेस मिस्टमध्ये अल्कोहोल आढळल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय/महोदया,

फोंड्यात माझे ब्युटी पार्लर आहे आणि लग्नसराईत नवरीच्या मेकअपची कामे मी घेते. तुमचा गुलाबपाण्याचा फेस मिस्ट तीन वर्षे माझ्या मेकअपच्या पेटीत आहे. मॉइश्चरायझर लावण्याआधी एकदा आणि पावडरनंतर एकदा तो मी वापरते. पावडर बसल्यावर चेहरा पिठूळ दिसतो, तो मिस्टच्या बारीक फवाऱ्याने नितळ होतो. मेकअप टिकवायला सेटिंग स्प्रे वेगळा लागतो, हे मला ठाऊक आहे. तेवढी अपेक्षा मी तुमच्या मिस्टकडून कधीच ठेवली नाही.

मे महिन्यात म्हार्दोळला एका लग्नात मी तुमच्या संकेतस्थळावरून मागवलेली नवी बाटली उघडली. मुहूर्ताला पाऊण तास होता, अबोलीची वेणी माळून झाली होती. हातभर अंतरावरून फवारा मारला, तर धुक्याऐवजी जाड थेंब पडले. उजव्या गालावरून एक ओघळ पावडर कापत हनुवटीपर्यंत गेला. त्याहून वाईट म्हणजे नवरी “जळतंय, जळतंय” म्हणत डोळे मिटून बसली. गाल लाल झाले, काजळ पसरले. सगळे पुसून मला पुन्हा बेसपासून सुरुवात करावी लागली. नवरीची आई शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, पण मला मान वर करून तिच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर जुनी रिकामी बाटली शोधून दोन्ही शेजारी ठेवल्या. पुढचे लेबल हुबेहूब सारखे, तेच गुलाब, तेच ‘अल्कोहोल-विरहित’. मागची घटकांची यादी मात्र वेगळी. जुन्या बाटलीत पाण्यानंतर ग्लिसरीन होते. नवीत पाण्यानंतर थेट डीनेचर्ड अल्कोहोल, म्हणजे चटकन उडणारे स्पिरिट, आणि ग्लिसरीन पार खाली. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे हे अल्कोहोल नावापुरते नाही. क्रीममध्ये घालतात ते मेणासारखे सिटाइल अल्कोहोल असते तर मी हे पत्र लिहिलेच नसते, कारण त्याने त्वचा कोरडी पडत नाही.

सेटिंग स्प्रेमध्ये अल्कोहोल असते ते चटकन उडून थर सुकावा म्हणून. तिथे ते मला चालते, कारण ते आहे हे कळून मी वापरते. नाजूक त्वचेच्या नवरीवर मी तो स्प्रे मारतच नाही. तुम्ही मात्र मिश्रण बदललेत आणि पुढचा शब्द तसाच ठेवलात. माझ्या हातून तिला त्रास झाला तो त्या शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे.

तुमच्या ग्राहक सेवेचे उत्तर आले: “त्वचेच्या प्रकारानुसार अनुभव वेगळा असू शकतो.” मी त्वचेच्या प्रकाराबद्दल विचारलेलेच नव्हते. लेबल खरे की खोटे, एवढेच विचारले होते.

बाटलीचे पैसे परत करा, ती मागणी किरकोळ आहे. मिश्रण केव्हापासून बदलले हे मला लेखी कळवा, आणि ‘अल्कोहोल-विरहित’ छापलेला असा सगळा माल दुकानांतून व संकेतस्थळावरून काढा. फवाऱ्याचे तोंडही तपासा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

दोन्ही बाटल्यांच्या लेबलांचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. नवी बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. तपासणीसाठी हवी असल्यास तुमच्या माणसाला पार्लरवर पाठवा. पोच घेतल्याशिवाय ती मी देणार नाही.

आपली ग्राहक,
फोंडा, गोवा