वेगाचे लॉक दुकानात निघते, दंड रस्त्यावर होतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बॅटरीवरच्या सायकली आणि छोट्या स्कूटर यांचे वेगाचे लॉक (म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर वेग अडवणारी सोय) काढल्याबद्दल आरटीओने कारवाई केल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. 2022 मध्ये तर परिवहन विभागाने अशी मोहीमच काढली होती. दर वेळी तक्रारीचा सूर एकच असतो: पेट्रोल न जाळणाऱ्यांनाच का छळता? हा सूर मला पटत नाही. कारवाईची तऱ्हाही पटत नाही.

मोटार 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नाही. लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको. आपल्याकडे सरकारने इतके काही सोडून दिल्याची उदाहरणे कमीच! पण ही सवलत कमी वेगासाठीच आहे. तीच गाडी 45 ने पळवली तर धडकेतली ऊर्जा सव्वातीन पट होते. अशा गाडीखाली एखाद्या आजोबांचा पाय मोडला, तर भरपाई कुणाकडे मागायची?

पर्यावरणाच्या नावाने वेग मागणाऱ्यांनी बॅटरीकडेही पाहावे. वेग वाढला की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो आणि एका चार्जिंगमधले अंतर घटते. सावकाश चालणारी ई-सायकल किलोमीटरला साधारण 10 ते 15 वॉट-तास वीज खाते. ती वीज कोळशाची धरली, तरी पेट्रोल स्कूटरच्या मानाने कार्बन चौथ्या हिश्श्याच्या आसपासच भरतो. पुण्यातल्या कात्रजच्या चढाला घाबरून सायकल सोडलेल्या माणसाला एवढी मदत पुरेशी आहे.

आता कारवाईबद्दल. वेगाचे लॉक काढून देणारा असतो दुकानदार किंवा मेकॅनिक. सापडतो मात्र आठवड्याच्या भाड्याने गाडी घेऊन पार्सल पोचवणारा मुलगा, ज्याची कमाई ऑर्डरींच्या संख्येवर ठरते. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदल केलेले वाहन विकणाऱ्या विक्रेत्याला वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद ठेवली आहे. किती दुकानांना हा दंड झाला, ते आरटीओने जाहीर करावे.

युरोपातही मर्यादा 25 चीच आहे. पण तिथे पॅडल मारले तरच मोटार साथ देते आणि 45 पर्यंत जाणाऱ्या सायकलीला विमा, नंबर प्लेट लागते. आपल्या नियमात पॅडलची अटच नाही. त्यामुळे खरी सायकल आणि नुसती मूठ पिळून पळणारी स्कूटर एकाच पंक्तीला बसतात. पॅडलवालीला वेगळे काढून अनुदान द्यायला काय हरकत आहे?

आणि 25 ने जाणाऱ्याने जायचे तरी कुठून? सातारा रस्त्यावर सायकल ट्रॅक आहे, त्यावर गाड्या लागलेल्या असतात. खाली उतरावे तर मागून साठच्या वेगाने मोटार अंगावर येते. तिच्यापुढे टिकायचे म्हणूनही काही जण लॉक काढून घेतात. पॅरिसने 2021 मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर सगळ्यांनाच 30 ची मर्यादा घातली. पेठांमध्ये आणि शाळांभोवती आपल्यालाही ते जमेल. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर मोटारी तशाही तीसने जात नाहीत. महापालिकेने सुरुवात सातारा रस्त्याचा ट्रॅक मोकळा करून करावी.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, धनकवडी, पुणे