शंभर टक्के चार्जिंग आणि पसरणीचा उतार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या इलेक्ट्रिक एसयूव्हींवर पानभर मजकूर वाचला. शून्य ते शंभर किती सेकंदांत, पडदे किती, छत काचेचं की पत्र्याचं, सगळं होतं. गाडी घाट कशी उतरते यावर एक ओळ नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडतो, म्हणून हे पत्र.

मी २९ वर्षं एसटीत चालक होतो, त्याआधी काही वर्षं ट्रकवर. मुलाने महिंद्राची एक्सईव्ही ९ई घेतली, ७९ किलोवॅट-तासांची मोठी बॅटरी असलेली. गाडी चाकणला बनते, म्हणजे तशी घरचीच. "आप्पा, तुम्ही घ्या," म्हणत त्याने साताऱ्यात स्टेअरिंग माझ्या हातात दिलं. लिंब फाट्यापर्यंत माझा डावा पाय क्लच शोधत होता. २८६ अश्वशक्ती म्हणजे काय हे आनेवाडीचा टोलनाका सुटल्यावर कळलं. आमच्या पन्नास सीटच्या गाडीलाही एवढी ताकद नव्हती. आम्ही वेग ओळखायचो तो इंजिनाच्या आवाजावर आणि गिअरच्या दांड्याच्या थरथरीवर. इथे दोन्ही नाहीत. ऐंशीला बीप वाजलं तेव्हा खाली आकडा बघितला. मागे बसलेल्या मंडळींना पाचवड फाटा कधी आला ते कळलंच नाही.

समोर सव्वाबारा इंचांचे तीन पडदे आहेत, त्यातला एक शेजारी बसणाऱ्याच्या करमणुकीला. एसी कमी करायलाही पडद्यावरच बोट फिरवायचं. ट्रकवर असताना वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळून पावसात गाडी काढणारी आमची पिढी. मला हे जमेल असं वाटत नाही. एका चार्जिंगला कंपनी कागदावर ६५६ किलोमीटर सांगते, मुलाला पाचशेच्या आतबाहेर मिळतात. पुरे झालं की.

आता मुद्दा. आम्ही पाचगणीला मुक्कामाला होतो. संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या दर्शनाला वाईत उतरलो. बॅटरी ५८ टक्के. मुलाने 'वन-पेडल' (एकाच पेडलवर गाडी पळवायची आणि अडवायची सोय) चालू करून दिलं आणि म्हणाला, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. उचलला. गाडी अशी धरली गेली की जणू दुसरा गिअर टाकलाय. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे आम्हाला उस्तादाने शिकवलेलं पहिलं वाक्य. इथे गिअर नसून तेच घडत होतं. पाय उचलला की मोटर डायनॅमोचं काम करते, चाकांच्या ओढीतून वीज करून बॅटरीत भरते, आणि त्या कामातच गाडी अडते. पसरणी घाटाची सगळी वळणं उतरेपर्यंत ब्रेकला पाय दोन-तीनदाच लागला असेल. वाईत बघतो तर ६० टक्के. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग मी पाहिलेत, पण उतरताना टाकी भरत जाते हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. खाली थांबल्यावर ब्रेक तापलेत का ते बघायला जुन्या सवयीने चाकाजवळ हात धरला. गार.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी गाडी चार्जिंगला लावली. सकाळी १०० टक्के. मुलगा खूश. त्याच घाटाच्या तोंडाशी आलो, पाय उचलला, आणि गाडी कालच्यासारखी अडेना. पुढे सरकतच राहिली. ब्रेक उत्तम आहेत, घाबरण्यासारखं काही झालं नाही. पण २९ वर्षांच्या पायाला उतारावर असा फरक लगेच कळतो. कारण साधं आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली, मग मोटरने केलेली वीज ठेवायची कुठे? म्हणून ती मोटरची ओढ सोडून दिली जाते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. यात या गाडीचा दोष नाही, कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीत भरलेल्या बॅटरीला नवी वीज घेता येत नाही. मी पाय ब्रेकवर ठेवून न राहता दाबून-सोडून, दाबून-सोडून उतरवली. वाईत पुन्हा चाकाजवळ हात नेला, तर झळ लागली.

मला पाय उचलताच कळलं, कारण माझा जन्म घाटात गेलाय. पुण्या-मुंबईची पोरं दोन महिने वन-पेडल चालवून ब्रेकवर पाय ठेवायचंच विसरतात. मग ती महाबळेश्वर, पाचगणीच्या पायथ्याऐवजी वरच रात्रभर चार्जिंग करतात आणि सकाळी पोरंबाळं, सामान भरून खाली निघतात. डोंगरावर मुक्काम असेल तर चार्जर ८०-८५ टक्क्यांवर काढून ठेवावा. खाली उतरायला तेवढं भरपूर होतं. आणि १०० झालीच असेल तर आधी वरच्या सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर फिरून यावं, टेबललँड बघून यावं. ज्या हॉटेलांनी चार्जर बसवलेत त्यांनी तिथे चार ओळींची पाटी लावली तर खर्च किती येणार?

आणि पुढच्या पुरवणीच्या वेळी आपल्या वार्ताहराला गाडी घेऊन पसरणी घाट उतरायला पाठवा. एकदा अर्ध्या बॅटरीवर, एकदा भरलेल्या. शेजारी बसायला मी येईन.

– एक निवृत्त एसटी चालक, कोरेगाव (जि. सातारा)