मोटर का जळली, हे सांगता येईल असं प्रशिक्षण द्या : कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

खाणीतल्या यंत्रांच्या विद्युत देखभालीत माझं आयुष्य गेलं. आता नव्याने आलेल्या मुलामुलींना शिकवतो. त्यांच्याकडे प्रमाणपत्र असतं, थ्री फेजचं सूत्र तोंडपाठ असतं. पण जळलेली मोटर समोर ठेवून ‘का जळली?’ विचारलं की ती गप्प होतात. दोष त्यांचा नाही. एसी विजेचा (प्रत्यावर्ती प्रवाहाचा) सिद्धांत त्यांना वर्गात शिकवला जातो आणि देखभाल वर्कशॉपमध्ये, आणि या दोन खोल्यांची गाठ कुणी घालून देत नाही.

माझंच उदाहरण देतो. एका कन्व्हेयरची, म्हणजे माल वाहणाऱ्या पट्ट्याची मोटर जळली. नवी बसवली, तीही जळली. दोन्ही वेळा ‘वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) खराब’ अशी नोंद करून आम्ही मोकळे झालो. तिसऱ्यांदा एका जुन्या फोरमननी पूर्ण भार असताना थेट मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायला लावलं. काम पुढे सरकलं तशी केबल लांबत गेली होती, ट्रान्सफॉर्मर मात्र जागचा हलला नव्हता. टर्मिनलवर जेमतेम ८५ टक्के व्होल्टेज पोचत होतं. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे ८५ टक्क्यांना तो ७२ टक्क्यांवर येतो. पट्ट्यावरचा भार तेवढाच, त्यामुळे मोटर जास्त करंट ओढायची. सुरू होताना वेग धरायलाही तिला उशीर लागायचा आणि सुरुवातीचा कितीतरी पट करंट वाइंडिंगमधून जास्त वेळ वाहायचा. जास्त करंट वाहिला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याचं सेटिंग वाढवून ठेवलं होतं. रिले बिचारा खरं तेच सांगत होता. हे गणित मी शाळेत सोडवलं होतं, पण ते मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये भेटेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोटर जळली तर पैसे जातात. ज्या खाणीत मिथेन आहे, तिथे चूक माणसं घेऊन जाते. हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते. वेल्समधल्या सेंगहेनिड खाणीत १९१३ साली स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार गेले. चौकशीत ज्या शक्यतांचा विचार झाला, त्यांत सिग्नलच्या विजेच्या उपकरणातली ठिणगी ही एक होती.

म्हणून अशा खाणीत विजेची उपकरणं ज्या फ्लेमप्रूफ पेटीत बसवतात, तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. ही पेटी गॅसला आत येऊ देत नाही, असं बहुतेक शिकाऊ समजतात. प्रत्यक्षात गॅस आत शिरणार हे धरूनच ती बनवलेली असते. आत स्फोट झाला तरी पेटी फुटत नाही, आणि ज्वाळा झाकणाच्या रुंद धातूच्या फ्लँजमधल्या (कडेच्या पट्टीमधल्या) बारीक फटीतून बाहेर येईपर्यंत इतकी थंड होते की बाहेरचा गॅस पेटत नाही. हे ज्याला उमगलं, तो एक बोल्ट कमी लावून पाळी संपवणार नाही, फ्लँजवर रंग फासणार नाही, आणि ‘पाणी जाऊ नये’ म्हणून स्वतःच्या मनाने रबराची पॅकिंगही घालणार नाही. ज्याला फक्त ‘सगळे बोल्ट लावा’ एवढंच सांगितलंय, तो घाईत एखादा विसरेल.

अर्थ लीकेजचं, म्हणजे जमिनीकडे गळणाऱ्या करंटचंही तेच. ट्रेलिंग केबल, म्हणजे फिरत्या यंत्रामागे ओढली जाणारी केबल, दिवसभर दगडांवरून फरफटते, चाकाखाली येते. ही गळती पकडणारा रिले वारंवार ट्रिप झाला की उत्पादन थांबतं, वरून दबाव येतो आणि रिले बायपास करणारा हात पुढे येतो. न्यूट्रलला जोडलेला रेझिस्टर दोषाचा करंट मर्यादित का ठेवतो आणि त्यामुळे यंत्राच्या सांगाड्यावर किती व्होल्टेज चढू शकतं, हे ज्याने स्वतः मोजलंय तो दबावापुढे ‘नाही’ म्हणू शकतो. निदान त्याच्याकडे तसं म्हणायला कारण असतं.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात खरी फ्लेमप्रूफ पेटी, वापरून टाकलेली ट्रेलिंग केबल, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि मुद्दाम दोष घातलेलं एक स्टार्टर पॅनेल असावं. मोटरचा वेग कमीजास्त करणारा व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्हही हवा, कारण वीज तोडल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज शिल्लक असतो, आणि मेगर लावण्याआधी ड्राइव्ह केबलपासून सोडवायचा असतो. अंतिम परीक्षेत दोष शोधायला लावा आणि त्याचं कारण परीक्षार्थीच्या स्वतःच्या भाषेत सांगायला लावा. गुण त्या कारणाला द्या. नुसता भाग बदलता येणं पुरेसं धरू नका.

आपण एखाद्या केंद्राला भेट द्याल तेव्हा उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर पाच मिनिटं काढा. कुठल्याही विद्यार्थ्याला फ्लेमप्रूफ पेटीचं झाकण दाखवा आणि विचारा, ‘या फटीत रबर का घालायचं नाही?’ उत्तर काय मिळालं, ते आपल्या खात्याला कळवा.

आपला,
खाणीतला एक जुना इलेक्ट्रिशियन