विद्यार्थ्यांची खासगी पाने कॅश केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक साहाय्य विभाग

विषय: एका विद्यार्थ्याचे गुणपत्रक दुसऱ्याला दिसल्याबाबत

महोदय,

आमच्या शिकवणीच्या संकेतस्थळापुढचा वार्निश प्रॉक्सी (पानांच्या प्रती साठवून आमच्या सर्व्हरऐवजी स्वतःच देणारा मधला टप्पा) आपली कंपनी सांभाळते. मंगळवारी सकाळी एका विद्यार्थिनीने लॉगिन केले आणि तिच्यासमोर दुसऱ्याच मुलाचे गुणपत्रक उघडले, नावासकट. तिचा स्क्रीनशॉट पाहून माझे हातपाय गार पडले.

आम्ही एवढेच मागितले होते: अभ्यासक्रमांची यादी आणि शोधाची पाने 60 सेकंद कॅशमध्ये, म्हणजे प्रॉक्सीच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवा. ही पाने डेटाबेसमधून दर वेळी नव्याने बनतात, पण सर्वांना सारखीच दिसतात. खात्याच्या पानांचे तसे नाही. तिथे पत्ता सगळ्यांचा एकच आणि मजकूर ज्याचा त्याचा. विनंतीत कुकी (ब्राउझरने पाठवलेली वापरकर्त्याची ओळखखूण) असली की वार्निश मुळातच कॅशच्या वाटेला जात नाही आणि उत्तरात सेट-कुकी (नवी कुकी देणारी ओळ) असली तर ते साठवत नाही. आपल्या अभियंत्याने हे दोन्ही अडसर काढून टाकले. व्हीसीएलमध्ये, म्हणजे वार्निशच्या नियमांच्या फाइलमध्ये, प्रत्येक विनंती कुकी न बघता सरळ 'हॅश'कडे (कॅशमध्ये शोधण्याच्या टप्प्याकडे) धाडली आहे. आमचा सर्व्हर या पानांवर 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' (खासगी, साठवू नका) असे बजावत असतानाही सरसकट 10 मिनिटांचा टीटीएल (साठवून ठेवण्याची मुदत) लावला आहे. साठवलेले पान ओळखण्याची खूण, म्हणजे हॅश, तर फक्त होस्ट (संकेतस्थळाचे नाव) आणि यूआरएलवरून बनतो. मग पहिल्याने उघडलेले पान पुढच्या प्रत्येकाला मिळणारच! त्यासोबत सेट-कुकीही साठली असेल तर नुसते पान नव्हे, दुसऱ्याचे अख्खे लॉगिन सत्रच कोणाच्या तरी हाती लागले असेल. मला याचीच सर्वांत जास्त धास्ती आहे.

आपल्याकडून उत्तर आले, 'ब्राउझरचा कॅश साफ करून पाहा.' मी कधीही न वापरलेल्या संगणकावरून तपासले. खात्याच्या पानासोबत येणाऱ्या माहितीत 'एज' (पान कॅशमध्ये किती सेकंद आहे तो आकडा) 412 होते आणि 'एक्स-वार्निश'मध्ये (वार्निशने विनंतीला दिलेल्या क्रमांकांच्या ओळीत) दोन आकडे होते. दोन आकडे म्हणजे पान प्रॉक्सीच्या कॅशमधून आले. हे आपल्याला मी सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

सध्या आम्ही प्रॉक्सी बाजूला ठेवून वाहतूक थेट सर्व्हरवर घेतली आहे. ठरलेल्या दोन प्रकारच्या पानांपुरताच नियम लिहून, संपूर्ण कॅश रिकामा करून व्हीसीएल आम्हाला दाखवल्याशिवाय प्रॉक्सी पुन्हा जोडू नये. वार्निशचा लॉग (विनंत्यांची नोंदवही) मेमरीत असतो आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. त्या फाइलमध्ये उतरवल्या असतील तर आजच पाठवाव्यात. कोणाचे पान कोणाला दिसले, हे मला त्या मुलांच्या पालकांना सांगायचे आहे.

आपला,
संकेतस्थळ व्यवस्थापक