केवळ स्मरणरंजन नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नाताळ पुरवणीतील जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांविषयीच्या लेखात ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ या अमेरिकी ॲनिमेशनपटाचा उल्लेख वाचून आनंद झाला. मात्र अर्ध्या तासाचा हा कार्यक्रम आजही पाहिला जातो तो निव्वळ स्मरणरंजनापोटी, हा लेखाचा निष्कर्ष मला पटला नाही. माझे बालपण सातारा जिल्ह्यात गेले आणि नाताळचा आमच्याशी संबंध शाळेच्या सुट्टीपुरता होता. हा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आल्यावर, चांगल्या प्रौढ वयात. त्यात आठवून गहिवरावे असे माझे काहीच नसताना दर डिसेंबरात तो पाहावासा वाटतो, याचे कारण त्या कार्यक्रमातच शोधायला हवे.

९ डिसेंबर १९६५ रोजी सीबीएस वाहिनीने तो प्रथम दाखवला. ‘पीनट्स’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ यांनी तो लिहिला, बिल मेलेंडेझ यांनी दिग्दर्शित केला आणि ली मेंडेल्सन हे निर्माते होते. प्रायोजक कोका-कोला कंपनीला नाताळचा कार्यक्रम तातडीने हवा असल्यामुळे सारे काम सुमारे सहा महिन्यांत उरकावे लागले, आणि त्या घाईच्या खुणा आजही लपत नाहीत. हालचाली मध्येच अडखळतात, दृश्ये एकदम तुटतात आणि नायक चार्ली ब्राऊन याने आणलेल्या नाताळच्या झाडाच्या फांद्यांची संख्या तर दृश्यागणिक बदलते. तयार झालेला कार्यक्रम वाहिनीच्या अधिकाऱ्यांना दाखवला तेव्हा त्यांची निराशा झाली. गती फार संथ आहे, मुलांच्या कार्यक्रमाला जॅझ संगीत शोभत नाही, आवाज कच्चे आहेत आणि बायबलमधील उतारा दूरचित्रवाणीवर चालणार नाही, असे त्यांचे आक्षेप होते. मेंडेल्सन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार खुद्द ते आणि मेलेंडेझही आपण चार्ली ब्राऊनची वाट लावली असे धरून चालले होते. तारीख ठरून गेली होती म्हणूनच तो प्रसारित झाला, आणि त्या रात्री दीड कोटीच्या आसपास घरांमध्ये पाहिला गेला. पुढे त्याला एमी आणि पीबॉडी हे दूरचित्रवाणीसाठी दिले जाणारे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले.

माझे म्हणणे इतकेच आहे की अधिकाऱ्यांनी ज्यांना उणिवा म्हटले, नेमक्या त्यांच्याच बळावर हा कार्यक्रम टिकला आहे. मुलांच्या आवाजाचे उदाहरण घ्या. त्या काळी मोठी माणसेच लहानांचा आवाज काढत असत. येथे मात्र खरोखरीची मुले घेतली गेली. चार्लीची धाकटी बहीण सॅली हिला आवाज देणारी मुलगी इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हते, त्यामुळे तिला वाक्ये तुकड्यातुकड्याने सांगून म्हणवून घ्यावी लागली. बोलण्यातला तो किंचित विस्कळीत ठेका कसलेल्या कलाकाराला साधला नसता. सॅली चार्लीकडून सांताक्लॉजला पत्र लिहून घेते आणि खेळणी निवडणे अवघड जात असल्यास रोख नोटा पाठवल्या तरी चालतील असे सुचवते, तेव्हा तिची निरागसता आणि तिचा व्यवहार दोन्ही सारखेच खरे वाटतात. विनोदानंतर प्रेक्षकांचे ध्वनिमुद्रित हसू वाजवण्याची तेव्हाची रूढीही शुल्झ यांनी मान्य केली नाही. कुठे हसायचे, हे कार्यक्रम आपल्याला सांगत नाही. संगीतकार विन्स ग्वाराल्डी यांच्या पियानोतही सणाचा गजबजाट नाही. बर्फात घसरत खेळणाऱ्या मुलांच्या पहिल्याच दृश्यावर जे गाणे येते ते आनंदाचे असूनही त्याची चाल उदास आहे.

ही उदासी हाच कार्यक्रमाचा विषय आहे. सगळे आनंदात आहेत आणि आपल्याला मात्र आनंद होत नाही, हे छोटा चार्ली आरंभीच उघडपणे बोलून दाखवतो आणि पाच सेंट घेऊन मानसोपचार करणाऱ्या आपल्या सवंगडी लुसीकडे जातो. सणाच्या दिवशी मन लागत नसल्याची कबुली सणाच्याच कार्यक्रमात देण्याचे धाडस १९६५ साली कोणी केले असेल असे वाटत नाही, आणि आजही ते सर्रास होते असे नाही. घरापासून दूर सण काढणाऱ्या आमच्यासारख्यांना चार्ली ब्राऊन आपला वाटतो तो येथेच. पुढे लुसी त्याला चकचकीत ॲल्युमिनियमचे झाड आणायला पाठवते. हा विनोद काल्पनिक नव्हता: विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक येथील कारखान्यात अशी झाडे खरोखर बनत होती, आणि धातूच्या झाडावर विजेच्या दिव्यांची माळ सोडणे धोक्याचे असल्याने त्यांच्यावर खालून फिरत्या रंगीत चकतीचा प्रकाश टाकत असत. चार्ली मात्र एक मरतुकडे, पण जिवंत रोप उचलून आणतो आणि सर्वांच्या हसण्याचा धनी होतो.

नाताळ म्हणजे काय हे कोणाला ठाऊक आहे का, असे तो वैतागून विचारतो, तेव्हा त्याचा मित्र लायनस बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील ८ ते १४ ही वचने म्हणून दाखवतो. मेलेंडेझ या उताऱ्याबाबत साशंक होते. शुल्झ ठाम राहिले. मी ख्रिस्ती नाही. तरीही एका प्रामाणिक प्रश्नाला कोणताही आव न आणता दिलेले उत्तर म्हणून तो प्रसंग मला भिडतो. एरवी क्षणभरही न सुटणारे पांघरूण लायनसच्या हातून गळून पडते ते ‘भिऊ नका’ या शब्दांपाशी, आणि त्याकडे आपले लक्ष वेधण्याचा कोणताही प्रयत्न दिग्दर्शक करीत नाही. बाजारूपणावर टीका करणाऱ्या या कार्यक्रमाचा खर्च शीतपेयाच्या कंपनीने उचलला होता, हा विरोधाभास मला मान्य आहे. कदाचित त्याची जाणीव शुल्झ यांनाही असावी, कारण शेवटी त्या रोपाला सजवले जाते ते चार्लीचा कुत्रा स्नूपी याने बक्षिसाच्या लोभाने आपल्या घराला लावलेल्या सजावटीनेच.

लेखात हक्कांच्या प्रश्नाला मात्र स्पर्शही झालेला नाही. आधी सीबीएस आणि २००१ पासून एबीसी या वाहिन्यांवर कोणालाही फुकट पाहता येणारा हा कार्यक्रम २०२० साली ॲपलच्या सशुल्क सेवेकडे गेला. त्या वेळी लोकांनी इतकी नाराजी व्यक्त केली की त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तो पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवावा लागला. प्रश्न केवळ जुन्या आठवणींचा असता, तर घरोघरी पडून असलेल्या डीव्हीडींनी तो सुटला असता. ठरलेल्या संध्याकाळी अनोळखी लोकांसह एकच गोष्ट पाहण्याची सोय हिरावली गेल्याचा तो राग होता. आता डिसेंबरात दोन-तीन दिवस तो विनामूल्य खुला होतो, परंतु त्यासाठीही इंटरनेट आणि त्या सेवेवरील खाते लागते. पीबीएसची व्यवस्था दोनच वर्षांत बंद करण्याचे काहीच कारण नव्हते, असे माझे मत आहे, आणि या विषयावर आपण पुन्हा लेख छापणार असाल तर या बाजूचाही विचार व्हावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, न्यू जर्सी